कोठारात अडकलेला राखणदार

सिस्टर मुंथालीचा फोन आला तेव्हा ताओंगा बाळाला एका अंगावरून दुसऱ्या अंगावर घेत होती. दुपारचे एक चाळीस झाले होते. बाळ अर्धवट झोपेत तोंड उघडं ठेवून शोधत होतं, आणि फोन चटईवर थरथरत सरकत होता.

"वीज आली गं," सिस्टर म्हणाली. धावतपळत बोलल्यासारखा आवाज. "पण तुझं ते खोकं नुसतं गुरगुरतंय. एक फाईल उघडत नाही, इंटरनेट नाही, काही नाही. लुंबानीच्या फिती चारच्या आत पोचवायच्यात, विसरली नाहीस ना?"

कशी विसरेल? लुंबानी आठ महिन्यांचा. दूध ओढताना त्याचे ओठ निळे पडायचे, चार घोट घेतले की थकून सोडून द्यायचा. हृदयाला भोक होतं. परदेशातून आलेलं शस्त्रक्रियेचं पथक राजधानीत, लिलोंग्वेला, उतरलं होतं आणि त्यांची यादी आज चारला बंद होत होती. आज सकाळी, वीज जायच्या जरा आधी, त्यांचं पत्र आलं: धडधडतं हृदय डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाव घालणार नाही. धडधडत्या हृदयाच्या त्या सोनोग्राफीच्या चित्रफिती मागच्या महिन्यात एक फिरता तंत्रज्ञ काढून देऊन गेला होता आणि आपलं यंत्र घेऊन करोंगाच्या बाजूला निघून गेला होता. आता त्या फक्त एका ठिकाणी होत्या, म्झिंबाच्या त्या लहानशा इस्पितळात, ताओंगाच्या सर्व्हरमध्ये. तिथली संगणकं तीच सांभाळायची. पुढचं पथक दीड वर्षानं येणार. लुंबानीकडे दीड वर्ष आहे की नाही, हे कोणी बोललं नव्हतं. म्हणूनच सगळ्यांना ते ठाऊक होतं.

"वीज कधी गेली होती?" ताओंगानं विचारलं.

"दहाला. तुझी बॅटरी वीस मिनिटं कण्हली आणि मेली. आता सव्वाला वीज आली."

ताओंगा स्वतः इथे होती, एडिंगेनीला, सासरच्या घरी. बाळ सहा दिवसांचं. नाळ अजून गळली नव्हती, आणि नाळ गळेपर्यंत बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, कुठल्या पुरुषानं आत पाऊल टाकायचं नाही. उंबऱ्यावर सासू, न्याटेंबो, शेंगा सोलत बसली होती. तिच्या नजरेतून सुटून कोंबडीसुद्धा आत येत नव्हती. तिथून म्झिंबा गाडीनं तासाभरावर, आणि गाडी तर आज नव्हतीच. पण ताओंगाकडे लॅपटॉप होता, फोनवरून जोडता येत होता. एरवी ती चटईवर बसून इथूनच इस्पितळाच्या यंत्रात शिरायची.

तिनं शिरून पाहिलं. आत जाता येईना. बाहेरून आत जायची वाट राखणदाराच्याच दारातून होती, आणि राखणदार उठलेला नव्हता.

इस्पितळाला दोन वेगळी यंत्रं ठेवायला ना जागा होती ना थंडावा. म्हणून तिनं एकाच सर्व्हरच्या पोटात दोन आभासी यंत्रं वसवली होती. एक फायरवॉल, तिला ती राखणदार म्हणायची. येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती घ्यायची, आणि आतल्या प्रत्येक यंत्राला उठल्या उठल्या त्याचा पत्ता द्यायचा, हे त्याचं काम. दुसरं कोठार: सगळ्या फायली, एक्स-रे, बाळंतिणींच्या नोंदी, लुंबानीचं हृदय. एकाच घरात दोन बिऱ्हाडं. दोन वर्षं गुण्यागोविंदानं चालली होती.

"सिस्टर, सर्व्हरच्या खोलीतला मॉनिटर जोड आणि काय लिहिलंय ते वाच."

सिस्टरनं अडखळत वाचलं. तिसऱ्या ओळीला ताओंगाला कळलं काय झालंय.

दोन महिन्यांपूर्वी, पोट पुढे आलेलं, पाय सुजलेले, अशा एका दिवशी सर्व्हरची छोटी डिस्क भरली होती. तेव्हा तिनं राखणदाराची सगळी चीजवस्तू उचलून कोठाराच्या मोठ्या डिस्कवर नेऊन ठेवली. आठवड्यापुरती. मग कळा, मग गाव, मग हे बाळ. त्यानंतर सर्व्हर एकदाही बंद पडला नव्हता, म्हणून चूक झोपून होती. आज उठली. राखणदाराचे कपडे कोठारात, आणि कोठाराची किल्ली राखणदाराच्या खिशात. कोठार म्हणतंय, राखणदारानं पत्ता दिल्याशिवाय मी दार उघडणार नाही. राखणदार म्हणतोय, कपड्यांशिवाय मी बाहेर येणार नाही. दोघं एकमेकांची वाट बघत बसलेत, आणि असे ते जगबुडीपर्यंत बसतील.

ज्या फांदीवर बसलो तीच आपल्या हातानं तोडली.

"पेनड्राइव्हवर उतरवून घेता येणार नाही का त्या फिती?" सिस्टरनं विचारलं.

"कोठारच उघडत नाही, सिस्टर. मी सांगते तसं टाइप कर. अर्ध्या तासाचं काम आहे. कोठाराला पत्ता आपणच हातानं द्यायचा, मग..."

फोनच्या पलीकडे कोणी बाई मोठ्यानं कण्हली. मग स्ट्रेचरची चाकं वाजली.

"गेलं सगळं," सिस्टर म्हणाली. "पायाळू आहे, डॉक्टर शस्त्रक्रियेत अडकलेत. मला जावंच लागेल. ड्रायव्हर लसी आणायला गेलाय. नोंदणीतल्या आजोबांना बसवते."

"नको!" ताओंगा इतक्या जोरात ओरडली की बाळ दचकलं. "त्यांना नको."

"का नको? अख्ख्या इस्पितळात दहा बोटांनी टाइप करणारा तो एकच माणूस आहे."

"सिस्टर, ते माझे सासरे आहेत."

"अगं बाई," सिस्टर म्हणाली, "हो की." आणि मग, जाता जाता, "लुंबानीचे नाहीत ना?"

---

सून आणि सासरा दोन वर्षं एका छपराखाली नोकरी करत होते आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. न्गोनी जमातीच्या घरातली रीत तशीच. सुनेनं सासऱ्यासमोर यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचं नाव जिभेवर घ्यायचं नाही. म्हातारा बोळाच्या वळणाआधी खोकायचा; खोकला ऐकला की ताओंगा जवळच्या दारात शिरायची. एकदा ती औषधांच्या कपाटापाशी वीस मिनिटं उभी राहिली होती, कारण म्हाताऱ्याला खरोखरीच सर्दी झाली होती.

तरी निरोप पोचायचे. तिनं सर्व्हर बसवला त्या आठवड्यात म्हाताऱ्यानं आपल्या लोखंडी कपाटांपाशी उभं राहून सिस्टरला ऐकवलं होतं, बोळापर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं: "पहारेकरी आणि कपाट एकाच खोक्यात? आणि खोकंच बसलं तर बोंब कोणी मारायची?" ताओंगानं सिस्टरकडूनच उत्तर पाठवलं होतं की लोखंडी कपाटाला वाळवी लागत नसली तरी आतल्या कागदांना लागते. त्यावर म्हातारा हसला होता म्हणे.

आता दोन वाजून पाच मिनिटांनी तो सर्व्हरच्या खोलीत खुर्ची ओढून बसला. खुर्चीचा आवाज ताओंगाला फोनमधून ऐकू आला आणि तिनं नकळत डोक्यावरचं फडकं पुढे ओढलं.

"आई," ती सासूला म्हणाली, "तुम्ही बोला. मी तुमच्या कानात सांगते, तुम्ही त्यांना सांगा."

न्याटेंबोनं हात पुसले, फोन घेतला, लांब धरला.

"कोण बोलतंय?" पलीकडून आवाज.

"मी बोलतेय, तुमची बायको. चाळीस वर्षांत आवाज ओळखता येईना?"

"ओळखला. विचारायचा नियम आहे."

"ऐकलंस? नियम म्हणे," न्याटेंबो सुनेला म्हणाली. "लग्नातसुद्धा यांना विचारलं तेव्हा म्हणाले, परत सांगा."

सुरुवात बरी झाली. परवलीचा शब्द ताओंगानं एकेक अक्षर करून सांगितला. न्याटेंबो चौथीपर्यंत शिकलेली. तिनं 'एम' म्हटलं की 'एन' याचा म्हाताऱ्याला उलगडा होईना. "म्झिंबाचा की न्खाताबेचा?" तो विचारायचा. मग सगळी अक्षरं गावांच्या नावानं जाऊ लागली. करोंगा, रुम्फी, झोंबा. न्याटेंबोला त्यात गंमत वाटू लागली. "देश फिरवून आणतेस मला," ती म्हणाली.

ताओंगाला गंमत वाटत नव्हती. भिंतीवरचं घड्याळ दोन वीस दाखवत होतं. बाळ छातीशी झोपलं होतं आणि त्याचा श्वास ती मोजत होती, उगाच. पलीकडून मधूनच आणखी एक आवाज येत होता, बारीक, चिडका, लवकर थकणारा. लुंबानी. त्याची आई, एस्नार्ट, सकाळपासून खोलीच्या दाराबाहेर फरशीवर बसून होती. तो रडला की ताओंगाच्या छातीतून दूध फुटायचं. दुसऱ्याच्या लेकरासाठी तिचं अंग भिजत होतं, आणि चूक मात्र तिचीच होती.

"आता पत्ता," ती म्हणाली. "दहा, बिंदू, शून्य, बिंदू, शून्य, बिंदू, वीस."

न्याटेंबोनं सांगितलं. म्हाताऱ्यानं टाइप केलं आणि वाचून दाखवलं: "दहा, शून्य, शून्य, दोन."

"दोन नाही आई, वीस. शेवटचं शून्य राहिलंय. त्यांना म्हणा चुकलं, खोडा."

न्याटेंबो फोनमध्ये, गोड आवाजात, म्हणाली, "छान चाललंय तुमचं. एकदा नीट बघून घ्या, झालं."

"बघितलं," म्हातारा म्हणाला, आणि कळ दाबल्याचा खट्ट आवाज आला.

बघून घ्या म्हटलं म्हणजे सासूनं सांगितलं, असं ताओंगाला वाटलं. सासऱ्यानं दुरुस्त केलं. सांगितल्यावर माणूस दुरुस्त करतो. तिनं पुढचं सांगितलं. यंत्र म्हणालं, कोठार सापडत नाही. तिनं दुसऱ्यांदा सांगितलं. सापडत नाही. वायर तपासायला लावली. म्हातारा गुडघे मोडत खाली वाकला, प्रत्येक वायर हलवून पाहिली, पुन्हा बसला. सापडत नाही. दोन चाळीस. दोन सत्तेचाळीस. तिच्या डोक्यात भलतंच यायला लागलं: वीज येताना झटका बसून डिस्क गेली असेल, कोठारच जळालं असेल, लुंबानीचं हृदय आता कुठेच नसेल. तिनं बाळाला इतकं घट्ट धरलं की ते कुरकुरलं.

"आई, त्यांना म्हणा, पहिल्यापासून सगळं वाचून दाखवा. जसंच्या तसं."

म्हातारा वाचू लागला. "...शून्य, शून्य, दोन."

"दोन?" ताओंगा म्हणाली. "आई, मी म्हटलं होतं ना चुकलंय म्हणून सांगा!"

न्याटेंबोनं फोनवर तळहात ठेवला. "अगं, बाहेर ती पोराची आई बसलीय. फोन मोठ्या आवाजावर आहे. चारचौघांत नवऱ्याला चुकलात म्हणू?"

पण तळहातानं काही लपलं नव्हतं.

"न्याटेंबो," पलीकडून आवाज आला. अगदी शांत. "तिनं काय सांगितलं होतं? शब्दाला शब्द."

"...शेवटचं शून्य राहिलंय, खोडा."

"आणि तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं छान चाललंय."

"बावीस मिनिटं गेली," म्हातारा म्हणाला. रागावून नाही, नोंद केल्यासारखं. पलीकडे यंत्राचा पंखा ऐकू येत होता, आणि लुंबानीचं हुंदके देणं.

"हे बघ, न्याटेंबो," तो म्हणाला, आणि आता तो फोनशी नाही, फोनच्या पलीकडच्या खोलीशी बोलत असल्यासारखा सावकाश बोलू लागला. "पोस्टात मी एकोणीस वर्षं तार पाठवायच्या यंत्रावर बसलो. पलीकडे बाई की बाप्या, थोरला की धाकटा, कोणाची कोण, मला कधी कळलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. तारेवर माणसं नसतात. ठाणी असतात. ठाणं ठाण्याला चुकलास म्हणतं, तेव्हा कोणाचा मान जात नाही. न म्हटलं तर नोकरी जाते. मी इथे म्झिंबा ठाणं म्हणून बसलोय. त्या घरात एडिंगेनी म्हणून एखादं ठाणं असेल, तर त्यानं बोलावं. तू फोन चटईवर ठेव आणि शेंगा सोल."

न्याटेंबोनं सुनेकडे पाहिलं. सून गुडघ्यांवर आली होती, फोनपुढे, जशी मोठ्यांपुढे बसतात तशी. जिथून तो तिला बघूच शकत नव्हता तिथे. दोन वर्षं ती या माणसाच्या खोकल्यापासून पळाली होती. तिच्या आईनं लग्नाच्या आदल्या दिवशी तिला पहिली गोष्ट सांगितली होती ती हीच.

"मी बाहेर बसते," न्याटेंबो म्हणाली. तिनं फोन चटईवर ठेवला, बाळाच्या पायाशी. उंबऱ्यावर जाऊन पाठमोरी बसली. "मला काही ऐकू येत नाही. म्हातारी झालेय."

तीन वाजायला आठ मिनिटं.

"म्झिंबा," ताओंगा म्हणाली. ती फोनच्या जवळ सरकली. "म्झिंबा, एडिंगेनी बोलतंय."

"म्झिंबा ऐकतंय. सांग, एडिंगेनी."

"चुकलं आहे. पत्ता खोडा." छप्पर कोसळलं नाही. "दहा, बिंदू, शून्य, बिंदू, शून्य, बिंदू, वीस. वीसचे दोन आकडे."

"परत वाचतो. दहा, शून्य, शून्य, वीस. वीसचे दोन आकडे. तू बरोबर म्हणाल्याशिवाय कळ दाबणार नाही. तूही मी वाचल्याशिवाय बरोबर म्हणू नकोस."

"बरोबर."

खट्ट.

मग काम धावू लागलं. तिनं सांगायचं, त्यानं वाचायचं, तिनं बरोबर म्हणायचं, खट्ट. एकही शब्द वाया नाही. त्याचं वाचणं इतकं नेमकं होतं की मोकळी जागासुद्धा तो वाचायचा. तीन पाचला कोठारानं पहिल्यांदा हाकेला ओ दिली. ताओंगा हसली, आणि हसू अर्ध्यावर असतानाच म्हातारा म्हणाला, "थांब. यंत्र प्रश्न विचारतंय."

"वाचा."

त्यानं इंग्रजी अक्षर न् अक्षर वाचलं. साठा नीट बंद झाला नव्हता. काही नोंदी मोडल्या आहेत. दुरुस्त करू? हो की नाही?

तिला हा प्रश्न ओळखीचा होता आणि म्हणूनच उत्तर देववेना. बहुतेक वेळा हो म्हटलं की सगळं सुरळीत होतं. बहुतेक. कधी कधी दुरुस्ती करताना यंत्र मोडक्या नोंदी उचलून फेकून देतं, आणि फेकलेलं परत मिळत नाही. नाही म्हटलं तर दार उघडणार नाही. शहाणा माणूस आधी सगळ्याची नक्कल करून ठेवेल. नक्कल करायला सहा तास. तिच्याकडे पन्नास मिनिटं होती. या साठ्याची दुसरी प्रत असायला हवी होती. तीही तिनं पुढच्या महिन्यावर ढकलली होती. बाळंत झाल्यावर बघू, म्हणाली होती.

"एडिंगेनी?"

"विचार करतंय."

"म्झिंबा थांबलंय."

दारामागून एस्नार्टचा आवाज आला, कोणाला उद्देशून नाही: "झोपला. दमला." ताओंगानं आपल्या बाळाकडे पाहिलं. वरच्या ओठावर दुधाचा थेंब, ओठ गुलाबी. कोणाला विचारावं? ज्यांना विचारायचं ती माणसं तिलाच विचारत होती.

"हो," ती म्हणाली. "हो म्हणा."

"म्झिंबा विचारतं: खात्री?"

"नाही," ती म्हणाली. तिला खोटं बोलवेना. "खात्री नाही. पण दुसरी वाट नाही. निर्णय माझा. माझ्या नावावर लिहा."

पलीकडे श्वास ऐकू आला. "परत वाचतो. उत्तर, हो. निर्णय दोन्ही ठाण्यांचा."

"तसं मी म्हटलं नाही."

"मी तसंच वाचणार. बरोबर म्हण."

तिचे डोळे भरले. "बरोबर."

खट्ट.

मग काहीच करायचं नव्हतं, आणि तेच सगळ्यात कठीण होतं. तो दर काही मिनिटांनी आकडा सांगायचा. चार टक्के. नऊ. अकरा. मध्ये न्याटेंबो पेज घेऊन आली, मक्याची, शेंगदाण्याचं कूट घातलेली, आणि न बोलता भांडं पुढे केलं. ताओंगानं दोन घोट घेतले, तिसरा न घेता भांडं बाजूला ठेवलं. "बाळंतिणीनं खायला हवं," न्याटेंबो भिंतीला म्हणाली. चाळीस टक्के. चाळीस. चाळीस. तीन बावीस झाले, आकडा हलेना.

"अडकलं का?" ताओंगानं विचारलं.

"दिवा लुकलुकतोय. जिवंत आहे." मग थोड्या वेळानं, "एकेचाळीस."

तीन छत्तीसला दुरुस्ती संपली. चौदा नोंदी टाकून दिल्या, यंत्र म्हणालं. कुठल्या, ते म्हणालं नाही. ताओंगानं ते मनात एका बाजूला ठेवलं, तापलेलं भांडं फडक्यानं बाजूला ठेवतात तसं. कोठाराचं दार उघडलं. राखणदाराला आपले कपडे सापडले. तीन एक्केचाळीसला तो उठून उभा राहिला, आणि ताओंगाच्या लॅपटॉपवर, एडिंगेनीच्या चटईवर, इस्पितळाचं यंत्र दिसू लागलं.

"उठला," ती म्हणाली. "म्झिंबा, उठला. आता माझ्याकडे."

नोंदीचं पान. मुलांचा विभाग. एल. लुंबानीचा कप्पा होता. घाईत कप्पा दोनदा उघडला आणि दोनदा मिटला. आत डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलेल्या पाच फिती असायला हव्या होत्या. होत्या चार. पाचवीच्या जागी नाव होतं आणि आत काही नव्हतं. चौदांतली एक.

त्यावर रडायला वेळ नव्हता. तिनं चारही लिलोंग्वेला पाठवायला लावल्या. गावातल्या फोनचं नेटवर्क दुबळं होतं, म्हणून फिती इथे न आणता इस्पितळातूनच परस्पर धाडल्या. पहिली गेली, तीन एकोणपन्नास. दुसरी. तिसऱ्या फितीचं जाणं तिनं ओठ चावून पाहिलं. ती वाट पाहताना तिसरी उघडून बसली. राखाडी धुकं, आणि त्यात एक मूठ उघडत होती, मिटत होती, उघडत होती. मधल्या पडद्याला जिथे भोक होतं तिथून पांढरं काहीतरी सारखं निसटत होतं. आपल्या बाळाच्या पाठीवर तिनं हात ठेवला. मूठ तशीच उघडमीट करत होती, हाताखाली.

चौथी गेली, तीन छप्पन.

तिनं पथकाला लिहिलं, पाचवी हरपली, चूक माझी, चारांवर भागेल का? आणि पाठवलं. मग पडद्याकडे बघत बसली. उंबऱ्यावर शेंगा सोलायचा आवाज थांबला होता. म्झिंबानं फोन ठेवलेला नव्हता, पंखा ऐकू येत होता.

चार वाजले. चार वाजून दोन मिनिटं झाली. यादी बंद झाली असेल, असं तिच्या मनात आलं, आणि त्या वाक्यापुढे मनात काही येईना.

चार वाजून सहा मिनिटांनी उत्तर आलं. तिनं ते दोनदा वाचलं.

"म्झिंबा," ती म्हणाली, "संदेश घ्या. चार मिळाल्या. पुरेशा आहेत. नाव घातलं. सोमवारी सकाळी सातला बाळाला घेऊन हजर."

"परत वाचतो," म्हातारा म्हणाला. मोठ्यानं, स्पष्ट, दाराकडे तोंड करून, प्रत्येक शब्द वेगळा. "चार मिळाल्या. पुरेशा आहेत. नाव घातलं. सोमवारी. सकाळी सातला. बाळाला घेऊन हजर."

दाराबाहेरून एक आवाज आला, धाप लागल्यासारखा. मग पावलं.

"बरोबर," ताओंगा म्हणाली.

"आणखी एक," तो म्हणाला. आता हळू. "वीज पुन्हा जाईल. गेली की हे सगळं पुन्हा असंच बसेल, हो ना?"

"हो."

"मग राखणदाराची चीजवस्तू आज इथून हलवायची. पण आधी तू खा. म्झिंबा पाच वाजता पुन्हा खुर्चीत बसेल. ही बाई तुझ्याशी बोलू म्हणतेय."

फोन हातातून हातात गेला. काही वेळ नुसता श्वास, एका मोठीचा आणि एका लहानग्याचा. लहानग्याचा भराभरा, वर वर.

"ताई," एस्नार्ट म्हणाली, "सोमवारी म्हणजे परवा."

"हो. उद्याच निघावं लागेल तुम्हाला."

"लिलोंग्वेला थंडी असते का हो? त्याच्याकडे एकच टोपी आहे."

"असते, सकाळी असते. अंगावर घट्ट बांधून घ्या."

"आत... आत नेतील तेव्हा मला बरोबर राहू देतील?"

ताओंगानं तोंड उघडलं. राहू देतील, असं म्हणणं किती सोपं होतं. आज दिवसभरात ज्याची खात्री नव्हती ते ती एकदा बोलून बसली होती, आणि एक फीत गेली होती.

"मला माहीत नाही, एस्नार्ट," ती म्हणाली. "मी आत्ता विचारून घेते त्यांना. उत्तर आलं की सांगते."

"बरं," एस्नार्ट म्हणाली. मग, जरा थांबून, "तोवर टोपी धुऊन टाकते. ऊन आहे अजून."